बांधावरच्या लाकडाचे घरगुती सामान

घरात लग्नकार्य निघाले की पलंग, मेज, बाक असे लाकडी सामान करण्याची घाई होते. बांधावरची वीस-पंचवीस वर्षांची बाभूळ किंवा परसातील कडुनिंब तोडला जातो. ओंडके आरागिरणीवर नेऊन चिरून आणले जातात, सुतारास बोलावणे जाते आणि पंधरवड्यात सामान तयार होऊन त्यावर चकचकीत पॉलिशही चढते. कार्याच्या दिवशी ते पाहून सर्वांना समाधान वाटते. पुढच्या उन्हाळ्यात मात्र फळ्यांना भेगा पडतात, सांधे सैल होतात, पलंग करकरू लागतो आणि पायांच्या बुडाशी पिवळसर भुकटी साचू लागते. मग कोणी म्हणतो, बाभळीचे लाकूडच हलके. कोणी सुतारास बोल लावतो. वास्तविक दोष बाभळीचा नसतो आणि पुष्कळदा सुताराचाही नसतो. ओले लाकूड जोडले गेले, हाच खरा दोष असतो. पंचवीस वर्षे वाढलेले झाड पंधरा दिवसांच्या घाईने वाया जाते आणि पुन्हा तेवढे झाड वाढण्यास दुसरी पंचवीस वर्षे लागतात.

नाशिक जिल्ह्यास लाकूडकामाची परंपरा जुनी आहे. चांदवड येथील होळकरांच्या रंगमहालातील कोरीव लाकडी खांब आजही पाहावयास मिळतात. सुरगाणा, पेठ, कळवण या पश्चिमेकडील तालुक्यांच्या जंगलांत साग होतो. परंतु प्रत्येक शेतकऱ्यास सागवान परवडते असे नाही आणि प्रत्येक वस्तूस सागवानच हवे असेही नाही. बांधावर, ओढ्याकाठी आणि घराभोवती वाढलेल्या झाडांचे लाकूड योग्य रीतीने वाळविले, किडीपासून जपले आणि नीट जोडले, तर त्याचे सामान दोन पिढ्या टिकू शकते. ते कसे करावे याची माहिती पुढे दिली आहे.

कांदा आणि लाकूड

लाकूड वाळविण्याचे तत्त्व नाशिकच्या शेतकऱ्यास नव्याने शिकविण्याची गरज नाही. कांदा काढल्याबरोबर तो कोणी चाळीत भरत नाही. पातीसह तीन ते पाच दिवस शेतात सुकवून, इंचभर मान ठेवून पात कापून, मग दहा-बारा दिवस सावलीत पातळ थरात ठेवल्यावरच तो साठवणीस योग्य होतो. चाळीच्या तळाखालून आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळता ठेवावा लागतो. ओला कांदा भरला तर चाळ सडते, हे सर्वांस अनुभवाने ठाऊक आहे.

लाकडाचेही तसेच आहे. ताज्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याइतके किंवा त्याहूनही अधिक पाणी असू शकते. यांपैकी काही पाणी लाकडाच्या पोकळ पेशींत मोकळे असते आणि काही पेशींच्या भिंतींत मुरलेले असते. मोकळे पाणी निघून जाईपर्यंत लाकूड हलके होते, पण आकसत नाही. ओलाव्याचे प्रमाण शेकडा ३० च्या खाली उतरू लागले, म्हणजे भिंतींतील पाणी जाऊ लागते आणि तेव्हापासून लाकूड आकसते. हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नगण्य असते. वर्तुळांच्या रेषेने ते सर्वांत अधिक, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकसण्याच्या साधारण दुप्पट असते. फळी वाकडी होते ती यामुळेच. एखादी फळी रुंदीत शेकडा ४ आकसली, तर १२ इंचांत जवळजवळ अर्धा इंच कमी होतो. एवढा फरक जोडलेल्या पलंगात पडला, तर फळी फाटणे किंवा सांधा उखडणे अटळ होय.

लाकूड कोणते घ्यावे

बाभूळ : गाभ्याचे लाकूड तांबूस तपकिरी, जड व चिवट असते. नांगर, बैलगाडीची चाके, मोटेची चाके यांसाठी पूर्वीपासून तिचा उपयोग होत आला आहे. मेज, बाक व पलंग यांचे पाय आणि चौकटी यांसाठी ती उत्तम. सालीलगतच्या फिकट भागास मात्र भुंगेरे लवकर लागतात.

कडुनिंब : फळ्यांसाठी चांगला. त्याचे गाभ्याचे लाकूड वाळवीस बऱ्यापैकी दाद देत नाही. रेषा उलटसुलट असल्यामुळे रंधा मारताना तो उचकटतो, म्हणून रंध्याचे पाते धारदार ठेवून कीस पातळ काढावा.

आंबा : लाकूड मऊ, काम करण्यास सोपे, परंतु वाळवी, भुंगेरे व बुरशी यांस लवकर बळी पडते. किडीचा उपचार केल्यावाचून घरात वापरू नये.

निलगिरी : या झाडाचा नाशिक जिल्ह्याशी विशेष संबंध आहे. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीचे विनायकदादा पाटील यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात जिल्ह्यातील अनेक शेतकऱ्यांनी निलगिरीची लागवड केली आणि उत्पादकांची सहकारी संस्थाही उभी राहिली. निलगिरी वेगाने वाढते, परंतु लहान वयाच्या झाडाचे लाकूड वाळताना टोकांस चिरते व पिळते. ते हळूहळू आणि वजनाखाली वाळविले तरच सामानास उपयोगी पडते.

जुने लाकूड : पडलेल्या घराच्या तुळया व कड्या, मोडक्या बैलगाडीच्या धुरा ही घरात पडून असलेली संपत्तीच होय. हे लाकूड आधीच वाळलेले असते. त्यातील खिळे काढावेत, कीड लागलेला भाग कापून टाकावा आणि ठोकून पाहावे. खणखणीत आवाज येणारे लाकूड ठेवावे, भदभद आवाज येणारे चुलीस द्यावे.

झाड तोडण्यापूर्वी

महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा १९६४ पासून आहे. साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, खैर, चंदन, हिरडा, ऐन ही व आणखी काही झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. नगरपालिका व महानगरपालिका यांच्या हद्दीतील झाडांस १९७५ चा निराळा कायदा लागू आहे. कोणतेही झाड तोडण्यापूर्वी आणि लाकूड गाडीत घालण्यापूर्वी वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात चौकशी करावी. एक झाड तोडावयाचे असेल, तर आधीच्या पावसाळ्यात त्याच बांधावर दोन रोपे लावलेली असावीत.

झाड मार्गशीर्ष-पौष महिन्यांत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत तोडावे. या दिवसांत हवा थंड असल्यामुळे लाकूड एकदम तडकत नाही आणि पुढे उन्हाळा लागेपर्यंत त्यास सावकाश वाळण्यास वेळ मिळतो. ऐन वैशाखात तोडलेला ओंडका उन्हात पडला, तर आठ दिवसांत त्याच्या दोन्ही टोकांस भेगा पडतात. टोकांतून पाणी सर्वांत वेगाने बाहेर पडते हे त्याचे कारण. म्हणून ओंडका कापल्याबरोबर दोन्ही टोकांस उरलेला तेलरंग किंवा मेण लावावे. काहीच नसेल तर शेणाचा दाट लेप द्यावा. या लहानशा कामाने दोन्ही टोकांचे हातभर लाकूड वाचते.

ओंडके फार दिवस सालीसह पडू न देता चिरून आणावेत. वाळताना व रंधा मारताना लाकूड कमी होते, हे ध्यानात घेऊन माप वाढवून द्यावे. एक इंच जाडीची फळी हवी असेल तर सव्वा इंच, आणि अडीच इंचांचा पाय हवा असेल तर तीन इंच चिरावे. फळ्यांची रुंदीही इंचभर अधिक ठेवावी.

भुंगेरे व वाळवी यांचा बंदोबस्त

सामानाच्या खाली पिठासारखी भुकटी पडते ती भुंगेऱ्यांच्या अळ्यांची. सालीलगतच्या लाकडात पिष्टमय पदार्थ असतात आणि त्यांवरच या अळ्या वाढतात. म्हणून पाय व चौकटी यांसाठी केवळ गाभ्याचे लाकूड घ्यावे. बाभळीचे ओंडके काही महिने तळ्यात किंवा डोहात बुडवून ठेवण्याची खेड्यातील जुनी रीत निराधार नाही. पाण्यात हे पदार्थ बरेचसे निघून जातात आणि किडीचा उपद्रव कमी होतो.

आंबा, निलगिरी आणि सालीलगतचा भाग असलेल्या फळ्या यांस सवागी व बोरिक आम्ल यांचा उपचार करावा. सवागी म्हणजेच बोरॅक्स. १०० लिटर पाण्यास ३ किलो सवागी व २ किलो बोरिक आम्ल हे प्रमाण ठेवावे. दोन्ही पदार्थ आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग उरलेले पाणी घालावे. जमिनीत लांबट चर खणून त्यात शेततळ्याच्या अस्तराचा उरलेला तुकडा पसरला, म्हणजे हौद तयार होतो. चिरल्याबरोबर, फळ्या ओल्या असतानाच, त्या या द्रावणात दगडांच्या वजनाखाली आठवडाभर पूर्ण बुडवून ठेवाव्यात. नंतर बाहेर काढून एकमेकींस लागून रचाव्यात आणि प्लास्टिकच्या कागदाने तीन ते चार आठवडे झाकून ठेवाव्यात. या काळात औषध ओलाव्याच्या वाटेने आत मुरते. वाळलेल्या लाकडात ते असे मुरत नाही. म्हणून हा उपचार वाळविण्यापूर्वीच केला पाहिजे.

हे औषध पाण्याने धुपून जाते. त्यामुळे उपचार केलेले लाकूड घरातील सामानासच वापरावे, उघड्यावर वापरू नये. पोळपाट, परात, गव्हाण अशा अन्नाशी किंवा चाऱ्याशी संबंध येणाऱ्या वस्तूंस हा उपचार करू नये. काम करताना हातमोजे घालावेत. मुले व जनावरे यांना हौदापासून दूर ठेवावे. उरलेले द्रावण विहिरीत, ओढ्यात किंवा पिकात सोडू नये. बोरॉन अल्प प्रमाणात पिकास लागत असला तरी जादा झाल्यास तो विषासारखा बाधतो आणि द्राक्षवेलीस तर तो लवकर बाधतो.

या ठिकाणी एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. पिकावरील फवारणीचे उरलेले औषध पलंगास, पाळण्यास किंवा धान्याच्या कोठीस चोपडण्याची चाल काही घरांत दिसते. हे अत्यंत धोक्याचे आहे. शेतातील औषध काही दिवसांत ऊन-पावसाने उतरते, परंतु बंद खोलीतील लाकडावर ते फार काळ राहते आणि त्यावर निजणाऱ्या मुलाच्या त्वचेतून व श्वासातून त्याच्या अंगात जाते. पूर्वी लाकडाच्या संरक्षणास बीएचसी, आल्ड्रिन अशी औषधे वापरीत. त्या दोहोंवर आज बंदी आहे. जुन्या डब्यात ती शिल्लक असली तरी वापरू नयेत.

थप्पी लावणे

उपचार झाल्यावर फळ्या वाळविण्यासाठी रचाव्यात. कांदाचाळ रिकामी असेल तर तीच जागा सर्वांत चांगली. नसेल तर गोठ्याच्या किंवा छपराच्या सावलीत जागा करावी. ऊन थेट पडू नये आणि वारा मात्र खेळावा, एवढे पाहावे.

जमिनीपासून दीड फूट उंचीवर विटांचे किंवा दगडांचे ओटे सारख्या पातळीत रचून त्यावर पहिला थर ठेवावा. दोन फळ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवावे. दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या कोरड्या काठ्या दर दोन फुटांवर आडव्या टाकाव्यात. सर्व थरांतील काठ्या एकाखाली एक, उभ्या रेषेत आल्या पाहिजेत. त्या मागेपुढे झाल्या तर फळ्या त्या जागी वाकतात आणि तो बाक पुढे कोणत्याही रंध्याने निघत नाही. थप्पीवर जड दगड ठेवावेत. पश्चिमेचा उष्ण वारा फळ्यांच्या टोकांवर येत असेल तर त्या बाजूस पोत्याचा आडोसा करावा.

एक इंच जाडीच्या फळ्यांस नाशिकच्या हवेत साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात. अडीच-तीन इंच जाडीच्या पायांस मात्र एक उन्हाळा पुरत नाही. ते छपराखाली पावसाळाभर ठेवून पुढच्या उन्हाळ्यात वापरावेत. तेवढा धीर नसेल तर पायांसाठी जुन्या तुळईचे किंवा गाडीच्या धुरेचे वाळलेले लाकूड घ्यावे. ही सोय पुष्कळ घरी होऊ शकते.

लाकूड वाळले हे कसे ओळखावे

हात लावून किंवा दिवस मोजून लाकडाची परीक्षा होत नाही. तिचे साधन दुकानातील तराजू हे आहे. थप्पीतील एक फळी काढून वजन करावे आणि तिच्यावर खडूने तारीख व वजन लिहावे. दर पंधरा दिवसांनी हेच करावे. पहिल्या महिन्यात वजन झपाट्याने उतरते, मग सावकाश. कोरड्या हवेत लागोपाठ दोन वेळा वजन तेच भरले, म्हणजे लाकूड त्या हवेच्या मानाने वाळले असे समजावे.

अधिक काटेकोर परीक्षा हवी असेल, तर फळीच्या टोकापासून फूटभर आत एक लहान तुकडा कापून लगेच तोलावा. तो भट्टीत १०० ते १०५ अंश उष्णतेवर वजन उतरणे थांबेपर्यंत ठेवून पुन्हा तोलावा. समजा, आधीचे वजन २४० ग्रॅम व नंतरचे २०० ग्रॅम भरले. ४० ग्रॅम पाणी गेले, म्हणजे ओलावा शेकडा २० होता. हे लाकूड अजून कच्चे आहे. आधीचे वजन २२२ ग्रॅम व नंतरचे २०० ग्रॅम असेल, तर ओलावा शेकडा ११ ठरतो. घरगुती सामानास शेकडा १० ते १२ ओलावा योग्य होय.

चार फुटी बाक

पहिली वस्तू म्हणून बाक करावा. ओसरीवर बसण्यास, मुलांना अभ्यासास आणि आल्यागेल्यास तो उपयोगी पडतो. त्यात सर्व मुख्य सांधे येतात, म्हणून शिकण्यासही तो चांगला. पायांस बाभूळ व फळ्यांस कडुनिंब घ्यावा. रंधा मारून तयार झालेल्या तुकड्यांची मापे अशी :

बसण्याच्या फळ्या : २ नग, ४८ × ६.५ × १ इंच
पाय : ४ नग, १६ × २.५ × २.५ इंच
वरच्या लांब पट्ट्या : २ नग, ३९ × ३ × १ इंच
वरच्या आखूड पट्ट्या : २ नग, ९ × ३ × १ इंच
खालच्या आखूड पट्ट्या : २ नग, ९ × २ × १ इंच
खालची मधली लांब पट्टी : १ नग, ४०.५ × २ × १ इंच

या सर्वांचे मिळून पाऊण घनफुटाहून थोडे अधिक लाकूड होते. कापण्या-तासण्यातील घट धरून सव्वा घनफूट लाकूड हाताशी ठेवावे. बाकाची उंची १७ इंच होते. पायांची चौकट बाहेरून बाहेर ४२ इंच लांब व १२ इंच रुंद भरते.

हत्यारे थोडीच लागतात. करवत, रंधा, पाव व अर्धा इंची पटाशी, मोगरी, गुण्या, खतावणी, गिरमिट आणि मोजपट्टी. हत्यार धारदार नसेल तर सांधा नीट बसत नाही आणि हातही कापतो, म्हणून कामाचा पहिला तास धार लावण्यात घालवावा.

सांधे खिळ्यांनी करू नयेत, कुसवाने करावेत. पट्टीचे टोक दोन्ही बाजूंनी कापून मध्ये जे जीभेसारखे लाकूड ठेवतात ते कुसू, आणि ते ज्यात बसते ती पायातील खाच. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एकतृतीयांश, म्हणजे सुमारे तीन सूत ठेवावी. पायात शिरणाऱ्या कुसवांची लांबी एक इंच ठेवावी. त्याहून अधिक ठेवल्यास एकाच पायात दोन बाजूंनी येणारी कुसवे आत एकमेकांस अडतात. आधी खाच कोरावी आणि मग तिच्या मापाने कुसू तासावे. कुसू हाताच्या जोराने व मोगरीच्या हलक्या ठोक्याने बसले पाहिजे. जोराने ठोकावे लागले तर पाय फाटतो आणि आपोआप घसरले तर सांधा सैल राहतो.

खालच्या आखूड पट्ट्या जमिनीपासून चार इंचांवर घ्याव्यात. मधल्या लांब पट्टीचे कुसू या पट्ट्यांतून आरपार काढून बाहेरून पाचर मारावी. सर्व तुकडे प्रथम गोंद न लावता जोडून पाहावेत. चौकटीचे समोरासमोरचे कोपरे दोरीने मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. मग तुकडे सोडवून सांध्यांस सुतारकामाचा पांढरा गोंद लावावा. दोन आखूड बाजू आधी जोडाव्यात आणि त्यांच्यामध्ये तिन्ही लांब पट्ट्या एकाच वेळी बसवाव्यात. चौकट दोरीने आवळून एक दिवस हलवू नये. नंतर वरच्या सांध्यांत गिरमिटाने भोक पाडून बांबूची खुंटी ठोकावी. गोंद पुढे म्हातारा झाला तरी खुंटी सांधा सोडत नाही.

फळ्या बसविताना त्यांच्यामध्ये पाव इंच फट ठेवावी. मे महिन्यात कोरडी असलेली फळी आषाढ-श्रावणात ओलावा घेऊन फुगते आणि तिला फुगण्यास जागा लागते. याच कारणाने फळ्या वरून खिळ्यांनी जखडू नयेत. लांब पट्ट्यांच्या आतल्या अंगास लहान ठोकळे बसवून त्यांतून खालून वर स्क्रू मारावेत. ठोकळ्यातील भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठे ठेवावे, म्हणजे फळी ऋतूप्रमाणे हलू शकेल आणि फाटणार नाही.

घासणे, तेल व पॉलिश

लाकडावर तेल किंवा पॉलिश देण्याचा हेतू केवळ चकाकी हा नव्हे. ओलाव्याची ये-जा मंद करणे हा त्याचा मुख्य हेतू आहे. म्हणून बाकाची खालची बाजू दिसत नसली तरी तिलाही वरच्याइतकेच हात द्यावेत. एकाच बाजूस पॉलिश दिलेली फळी वाकते.

प्रथम ८० क्रमांकाच्या, नंतर १२० च्या आणि शेवटी १८० किंवा २२० च्या काचकागदाने लाकडाच्या रेषेनेच घासावे. आडवे घासल्यास पडणारे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. नंतर ओल्या फडक्याने हलकेच पुसावे. वाळल्यावर जे तंतू उभे राहतात ते बारीक कागदाने काढावेत.

बाकास व मेजास बेलतेलाचा हात चांगला. बेलतेल म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे शिजविलेले जवसाचे तेल. घाण्याचे कच्चे जवस तेल फार सावकाश वाळते, म्हणून ते घेऊ नये. बेलतेल खाण्याचे नाही, हे घरातील सर्वांस सांगून ठेवावे. पहिल्या हातास बेलतेल व टर्पेंटाइन समभाग घ्यावे. फडक्याने भरपूर लावून वीस मिनिटांनी वर राहिलेले तेल पूर्ण पुसून घ्यावे. न पुसल्यास ते चिकट राहते व धूळ धरते. एक दिवस वाळू द्यावे. असे तीन हात द्यावेत आणि पुढे दरवर्षी मृगापूर्वी एक हात देत जावा.

देव्हारा, कपाट अशा पाणी न लागणाऱ्या वस्तूंस लाखेचे पॉलिश शोभते. एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ते २०० ग्रॅम चपडी लाख घालून, झाकण लावून, रात्रभर ठेवावी व मधूनमधून हलवावी. स्पिरिट भडका घेते, म्हणून विस्तवाजवळ नेऊ नये. गाळून घेऊन कापसाच्या बोळ्यास मऊ कापड गुंडाळून पातळ हात द्यावेत. पावसाळी दमट दिवशी हे काम केल्यास पॉलिशवर पांढुरकी झाक येते. गरम चहाचा पेला ठेवल्यासही डाग पडतो. म्हणून जेवणाच्या किंवा अभ्यासाच्या मेजास लाखेपेक्षा तेल बरे.

तेलाच्या चिंध्यांपासून सावधगिरी

बेलतेल हवेतील प्राणवायू घेऊन वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ही उष्णता आतच कोंडते आणि काही तासांत त्या चिंध्या काडी न लावताही पेट घेऊ शकतात. दिवसभर काम करून चिंध्या कडब्याच्या गंजीजवळ टाकाव्यात आणि रात्री घर निजल्यावर आग लागावी, असा हा धोका आहे. म्हणून काम संपताच प्रत्येक चिंधी उघड्यावर, दोरीवर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावी किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवावी. हा नियम एकदाही मोडू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या विषयाचे प्रात्यक्षिक दोन भागांत घ्यावे. पहिला भाग पौषात. गावात कोणी झाड तोडणार असेल तेथे टोकांस लेप देणे, औषधाचा हौद करणे, थप्पी रचणे आणि फळीवर वजन लिहिणे ही कामे लोकांसमोर करावीत. दुसरा भाग वैशाखात, शेतीची कामे हलकी असताना. तीच फळी पुन्हा तोलून दोन्ही वजने शेजारी शेजारी दाखवावीत. किती किलो पाणी उडून गेले हे पाहिल्यावर घाईने केलेले सामान का फुटते, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. बाक जोडण्याचे काम गावच्या सुताराकडून करवावे. सुतार दोन दिवस घरी येतो. लाकूड मात्र त्याआधी सहा महिने घरातच असते आणि त्या सहा महिन्यांची निगा घरच्या माणसांच्याच हाती आहे. घासणे व तेल देणे ही कामेही घरातील स्त्रिया व मोठी मुले उत्तम करू शकतात.

ज्या घरी पुढच्या वर्षी कार्य आहे, त्या घरी ही गोष्ट आजच सांगावी. पलंग वैशाखात हवा असेल तर त्याच्या फळ्या पौषात थप्पीत रचलेल्या असल्या पाहिजेत आणि पाय त्याच्याही आदल्या वर्षीचे किंवा जुन्या लाकडाचे असले पाहिजेत. तेवढा वेळ हाती नसेल, तर कार्यापुरता पलंग मागून आणावा, पण ओले लाकूड जोडू नये.

थोडक्यात

१. झाड परवानगीची चौकशी करून, डिसेंबर-जानेवारीत तोडावे आणि टोकांस लगेच लेप द्यावा.
२. किडीचा उपचार लाकूड ओले असतानाच करावा. फवारणीची औषधे घरातील सामानास कधीही लावू नयेत.
३. थप्पी सावलीत, वाऱ्यात व जमिनीपासून उंच रचावी. काठ्या एका उभ्या रेषेत ठेवाव्यात.
४. वजन उतरणे थांबल्यावाचून लाकूड जोडू नये.
५. सांधे कुसवाचे करावेत. फळीस फुगण्या-आकसण्यास जागा ठेवावी.
६. तेलाचे हात सर्व बाजूंस सारखे द्यावेत. तेलाच्या चिंध्या पसरून वाळवाव्यात.
७. बाक ओल्या जमिनीवर ठेवू नये. पायांखाली फरशीचे तुकडे द्यावेत आणि महिन्यातून एकदा तो हलवून खाली वाळवीची माती आली आहे काय, ते पाहावे.